संध्याकाळी सहाला पडणारी लिंक: तालुका एक्स्चेंजमधल्या सिग्नलिंग अलार्मचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

२००७ चा मे महिना. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं डिजिटल टेलिफोन एक्स्चेंज होतं आणि मी तिथे शिफ्ट इंजिनिअर होतो. गावाचं, कंपनीचं आणि स्विचच्या, म्हणजे कॉल जोडणाऱ्या यंत्राच्या, बनावटीचं नाव देत नाही. पुढे ज्या चुका येतील त्या आम्हा चार-पाच माणसांच्या हातून झालेल्या आहेत. तशाच चुका नंतर दुसऱ्या ठिकाणीही होताना पाहिल्या, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहितो आहे.

गावातल्या गावातले कॉल आमच्याच स्विचमध्ये जुळायचे. बाहेरगावचा प्रत्येक कॉल मात्र जिल्ह्याच्या ट्रंक एक्स्चेंजमार्गे जायचा आणि त्या मार्गावर १४ पीसीएम, म्हणजे एकाच वेळी अनेक कॉल वाहून नेणाऱ्या डिजिटल लाइन, होते. एका पीसीएमवर सेकंदाला २०४८ किलोबिट वाहतात आणि त्याचे ३२ टाइमस्लॉट, म्हणजे कप्पे, पडतात. सगळ्या स्लॉटांची एक फेरी म्हणजे एक फ्रेम. शून्य नंबरचा स्लॉट फ्रेम जुळवण्यात खर्च होतो. पहिल्या दोन पीसीएमवरचा सोळावा स्लॉट सिग्नलिंगला दिलेला होता. उरली बोलण्यासाठी एकूण ४३२ सर्किटं. कोणी कोणता नंबर फिरवला, पलीकडे घंटी वाजते का, फोन कोणी खाली ठेवला, हा त्या ४३२ सर्किटांचा सगळा कारभार ६४ किलोबिटच्या दोन लिंकवर चालायचा.

जुन्या आर-टू पद्धतीत प्रत्येक सर्किटाचं सिग्नलिंग त्या सर्किटाशी बांधलेलं असायचं. एक सर्किट बिघडलं की एक कॉल जायचा. आमच्याकडच्या सीसीएस-७ पद्धतीत सगळ्यांचं सिग्नलिंग एकत्र, वेगळ्या वाटेने जातं. ही वाट बंद पडली की ४३२ सर्किटं धडधाकट असूनही नवा कॉल लागत नाही. चालू असलेलं बोलणं मात्र तुटत नाही, त्यामुळे बोलणाऱ्याला काही कळत नाही. नव्याने नंबर फिरवणाऱ्याला 'या मार्गावरच्या सगळ्या लाइन व्यस्त आहेत' ही घोषणा ऐकू येते.

म्हणूनच लिंक कमीत कमी दोन ठेवतात. प्रत्येकीवर साधारण ०.२ अर्लांगच भार टाकायचा (लिंक वीस टक्के वेळ कामात), म्हणजे एक पडली तरी दुसरी ०.४ वर दोघींचं काम निभावून नेते. आमच्याकडेही दोन होत्या, वेगवेगळ्या पीसीएमवर होत्या, आणि त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

अडचण

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास अलार्म वाजला. लिंक शून्य आणि लिंक एक, दोन्ही एकाच मिनिटात पडल्या. वीस-पंचवीस सेकंदांत आपोआप वर आल्या. साडेआठला पुन्हा तेच झालं. दुसऱ्या दिवशी परत सहा आणि साडेआठ.

चौथ्या दिवशी प्रकरण चिघळलं. लिंक थोड्या वेळात अनेकदा पडली की आमचा स्विच तिला सेवेतून काढून बाजूला ठेवायचा आणि माणसाने कमांड दिल्याशिवाय परत घ्यायचा नाही. त्या संध्याकाळी दोन्ही लिंक अशा बाजूला पडल्या. ड्यूटीवरचा माणूस खाली बॅटरीत पाणी घालायला गेला होता. गाव अर्धा तास बाहेरच्या जगापासून तुटलं.

पीसीएमच्या अलार्मची यादी कोरी होती. फायबरवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, "आमच्याकडे सगळं हिरवं आहे." बोलण्याच्या सर्किटांबद्दल एकही तक्रार नव्हती. पडत होत्या त्या फक्त लिंक.

त्यात पडण्याचं कारणही बदलत राहायचं. एके दिवशी अलार्म छापणारा आमचा प्रिंटर म्हणे, चुकांचं प्रमाण जादा. दुसऱ्या दिवशी म्हणे, पलीकडूनच 'सेवेत नाही' असा निरोप आला. लिंकच्या प्रत्येक टोकाला आपल्याकडे काय येतंय तेवढंच दिसतं. ज्याच्या येण्याच्या दिशेत बिघाड, तो आधी पडतो आणि समोरच्याला तसं कळवतो. समोरचा त्या निरोपामुळे पडतो. म्हणजे एके दिवशी बिघाड आमच्या येण्याच्या दिशेत होता आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या. आम्ही मात्र याचा अर्थ असा लावला की कधी दोष आमचा असतो, कधी त्यांचा. जिल्ह्याच्या इंजिनिअरबरोबर ऑर्डरवायरवर, म्हणजे दोन एक्स्चेंजमधल्या कामाच्या फोनवर, रोज वादावादी व्हायची. तो म्हणायचा तुमच्याकडून येतं, मी म्हणायचो तुमच्याकडून.

समोर असलेले पर्याय

पहिला संशय सिग्नलिंगच्या कार्डावर. दोन्ही लिंक एकाच कार्डावर संपत होत्या. एकाच वेळी पडतात म्हणजे कार्ड गेलं, हा तर्क सरळ होता. जिल्ह्याच्या स्टोअरमध्ये सुटं कार्डही होतं.

दुसरा संशय घड्याळावर. आमचा स्विच जिल्ह्याच्या एक्स्चेंजकडून क्लॉक, म्हणजे बिट पाठवण्याची लय, घ्यायचा. क्लॉक सरकलं की स्लिप होते, म्हणजे १२५ मायक्रोसेकंदांची एक फ्रेम गळते किंवा दोनदा येते. आमच्यातल्या एका सहकाऱ्याची यावर पक्की श्रद्धा होती, कारण आधीच्या पोस्टिंगवर त्याने नेमका तोच दोष पकडला होता.

तिसरा पर्याय म्हणजे सगळं पलीकडच्या टोकावर सोडून तक्रार वर पाठवायची. चौथा म्हणजे शेजारच्या तालुक्यामार्गे आणखी एक लिंकसेट, म्हणजे लिंकचा वेगळा गट, मागायचा. तो उत्तम उपाय होता, पण मंजुरी आणि दोन्हीकडचा डेटा यात कित्येक आठवडे गेले असते.

पाचवा पर्याय त्या वेळी कोणी नीट मांडलाच नाही: दोनपैकी एक लिंक उचलून दुसऱ्याच पीसीएमवर न्यायची आणि संध्याकाळी काय होतं ते बघायचं.

काय केलं, कोणत्या क्रमाने

आम्ही कार्ड बदललं. जिल्ह्याहून आणायला एक दिवस गेला आणि रात्री दोनला बदल करण्याची परवानगी मिळवायला आणखी एक. कार्ड बसलं, लिंक वर आल्या, सगळे झोपायला गेले. संध्याकाळी सहा वाजून तीन मिनिटांनी दोन्ही लिंक पडल्या.

मग घड्याळाकडे वळलो. इथे कागदावर हिशेब मांडला, ते मात्र बरं झालं. लिंकवर निरोप नसतो तेव्हाही ती गप्प बसत नाही. सहा बाइटची रिकामी पाकिटं सारखी पाठवत राहते, एकेक पाऊण मिलिसेकंदाचं. समोरचा मोजणारा गणक प्रत्येक खराब पाकिटाला एकाने चढतो आणि दर २५६ पाकिटांमागे, म्हणजे साधारण ०.१९ सेकंदाला, एकाने उतरतो. तो ६४ वर पोचला की लिंक पडते. एका स्लिपने त्या टाइमस्लॉटचा एक बाइट बिघडतो, म्हणजे एखाद-दुसरं पाकीट खराब. गणक एक-दोन पायऱ्या चढून लगेच खाली येणार. स्लिपने लिंक पाडायची तर त्या धबधब्यासारख्या यायला हव्यात. आमच्या नोंदीत २४ तासांत दोन स्लिप होत्या. पाचपर्यंत चालतात असं प्रमाण आहे. घड्याळ निर्दोष ठरलं. सहकाऱ्याला पटायला आणखी एक संध्याकाळ लागली.

पण त्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूने खरी वाट दाखवली. पाकिटांच्या सीमाच ओळखू येईनाशा झाल्या की गणक पाकिटं मोजत नाही, बाइट मोजतो. दर १६ बाइटला एक चूक धरतो. चौसष्ट वेळा सोळा म्हणजे १०२४ बाइट. ६४ किलोबिटच्या लिंकवर सेकंदाला ८००० बाइट जातात. तेव्हा १०२४ बाइट म्हणजे ०.१२८ सेकंद. सेकंदाच्या आठव्या भागाहून थोडा जास्त वेळ तार तुटली तरी लिंक पडायला पुरे.

आणि पीसीएमचा अलार्म? आमच्या स्विचमध्ये बिघाड तीन सेकंद टिकला तरच तो छापला जायचा. किरकोळ झटक्यांनी प्रिंटर भरू नये म्हणून कोणीतरी पूर्वी तसं ठेवलेलं. म्हणजे आठव्या भागाच्या वर आणि तीन सेकंदांच्या खाली असं कोणतंही तुटणं लिंक पाडणार, पण पीसीएमच्या यादीत दिसणार नाही. बोलणाऱ्याच्या कानाला एक 'टक्' एवढंच. कोरी यादी बघून आम्ही ट्रान्समिशनला जी क्लीन चिट दिली होती, ती चुकीची होती.

हे उलगडलं त्याच दिवशी दुपारी स्टँडजवळचा एसटीडी बूथवाला वर आला. तो आधीही दोनदा येऊन गेला होता आणि आमच्या तक्रारवहीत त्याच्या नावापुढे 'मार्ग व्यस्त, गर्दीची वेळ' असं लिहून टाकलेलं होतं. या वेळी त्याने शाळकरी पोराची चौकटीची वही आणली होती. पेन्सिलीने तारीख आणि वेळ लिहिलेली. "साहेब, गर्दीची वेळ म्हणता, पण गुरुवारपासून माझा फोन सहाला नाही, सकाळी साडेनवाला बंद पडतोय. गर्दी काय गुरुवारी उठून सकाळी गेली काय?"

मी आमचे प्रिंटआउट काढले. खरंच होतं. गुरुवारपासून अलार्म सकाळी साडेनऊ आणि बाराच्या आसपास येत होते. शिफ्ट बदलल्यामुळे सकाळचे अलार्म एका माणसाने पाहिले आणि संध्याकाळचे दुसऱ्याने. प्रत्येकाने कमांड मारून लिंक वर घेतली आणि लॉगबुकमध्ये 'लिंक घेतली' एवढंच लिहिलं.

गुरुवारी काय बदललं होतं हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता. गावात सगळ्यांना माहीत होतं: लोडशेडिंगचं वेळापत्रक.

जनरेटरचं लॉगबुक तळमजल्यावर दाराला लटकलेलं असायचं. त्यात सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि डिझेल किती लिटर. अलार्मच्या वेळा शेजारी लिहून काढल्या. सुरू १८:०२, अलार्म १८:०३. बंद २०:३१, अलार्म २०:३१. सलग नऊ दिवस हेच. लाइट गेल्यावर ऑपरेटर आठ-दहा मिनिटं थांबायचा, कारण बॅटरीवर स्विच आरामात चालतो. एसी बंद पडून खोली तापायला लागली की जनरेटर लावायचा. अलार्म लाइट जाण्याशी जुळत नव्हता, जनरेटरशी जुळत होता. म्हणजे ४८ व्होल्टच्या पुरवठ्यावरही संशय घ्यायचं कारण उरलं नाही.

आता पाचवा पर्याय आठवला. त्या रात्री जिल्ह्याशी बोलून लिंक एक दुसऱ्या पीसीएमवरून पाचव्या पीसीएमवर नेली. दोन्हीकडे डेटा बदलायला चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी जनरेटर सुरू झाला. लिंक शून्य पडली, लिंक एक उभी राहिली. शून्याची वाहतूक एकवर गेली आणि गावाला काहीच कळलं नाही. जोडीदार जिवंत असल्यामुळे शून्यने ८.२ सेकंदांची नेहमीची चाचणी शांतपणे पुरी केली आणि परत आली. दोन्ही पडल्या की हीच चाचणी घाईने अर्ध्या सेकंदात उरकली जाते.

सापडलं काय

जनरेटरची खोली नंतर बांधलेली, इमारतीच्या मागच्या भिंतीला खेटून. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला ट्रान्समिशन रूम होती. फायबरचा मक्स, म्हणजे पीसीएम एकत्र करून फायबरवर चढवणारं यंत्र, मोकळा उभा होता, पण डीडीएफची (पीसीएमच्या तारा जिथे जोडतात ती) फ्रेम आणि केबलचा ट्रे भिंतीला बोल्टने पक्का केलेला. डिझेल इंजिन सर्वांत जास्त हादरतं ते सुरू होताना आणि बंद होताना. मधे एका लयीत चालतं तेव्हा भिंतीला हात लावला तर नुसती गुणगुण लागते.

पण मग चौदा पीसीएमपैकी पहिले दोनच का?

याचं उत्तर आमच्या जुन्या टेक्निशियनने दिलं. वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. रात्री लिंक शून्य सेवेतून काढली आणि ते टॉर्च घेऊन डीडीएफच्या मागे शिरले. डीडीएफवर क्रोन मॉड्यूल होते. त्यात तार पातीच्या दोन दातांमध्ये दाबून बसवतात. दात तारेचं आवरण कापून तांब्याला घट्ट धरतात. पहिल्या पीसीएमच्या तारेला त्यांनी नखाने हलकी टिचकी मारली. मी वर टर्मिनलसमोर बसलो होतो. चुकांचा आकडा उडाला. तिसऱ्या पीसीएमच्या तारेला टिचकी, काही नाही. दुसऱ्याच्या तारेला टिचकी, परत उडाला.

"साहेब, इथं पूर्वी दोन तारा होत्या एका खाचेत," मामा आतूनच म्हणाले. "दात फाकलेत."

मग मला आठवलं, आणि आठवल्यावर पोटात खड्डा पडला. मार्चमध्ये दुसऱ्याच एका तक्रारीसाठी आम्ही सिग्नलिंगवर प्रोटोकॉल अॅनलायझर, म्हणजे निरोप वाचून दाखवणारं यंत्र, लावला होता. त्याला दोन्ही लिंक ऐकायच्या होत्या, दोन्ही दिशांनी. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या पीसीएमच्या आठही तारांवर, आहे त्याच खाचेत दुसरी तार दाबून टी मारला होता. एप्रिलच्या शेवटी अॅनलायझर काढला, जादा तारा ओढून काढल्या. दोन तारांनी फाकलेल्या दातांत आता एकच बारीक तार राहिली होती, नुसती टेकलेली. हादरा बसला की कधी येण्याची जोडी सुटायची, कधी जाण्याची. रोज बदलणारं कारण ते हेच.

दोन लिंक वेगवेगळ्या पीसीएमवर होत्या हे खरं. पण सिग्नलिंगच्या लिंक म्हणूनच त्या दोघींवर एकाच दिवशी, एकाच हाताने, एकच चूक झाली होती. तो हात माझा होता.

निष्पत्ती

त्याच रात्री दोन्ही पीसीएम नव्या मॉड्यूलवर घेतले. तारांची जुनी टोकं कापली आणि नवं टोक नव्या खाचेत क्रोनच्याच टूलने बसवलं. ट्रेचे दोन बोल्ट ढिले झाले होते, ते रबरी वॉशर घालून आवळले. जनरेटरखालचे चिरलेले रबरी पॅड पुढच्या आठवड्यात बदलले. लिंक एक पाचव्या पीसीएमवरच ठेवली. तो मक्सच्या दुसऱ्या ट्रिब्युटरी कार्डावर (मक्समध्ये पीसीएम जिथे येतात ते कार्ड) होता, ही जमेची बाजू. लोडशेडिंग पावसाळा लागेपर्यंत चालू राहिलं, पण जनरेटर सुरू होताना लिंक पुन्हा पडली नाही.

पहिल्या अलार्मपासून त्या रात्रीपर्यंत सतरा दिवस गेले. यातले चार-पाच दिवस शोधायला लागणं समजू शकतो. बाकीचे आम्ही वाया घालवले.

वेगळं काय करता आलं असतं

मी आज त्या खुर्चीत असतो तर पहिल्याच रात्री एक लिंक हलवली असती. त्याने दोन गोष्टी एकदम झाल्या असत्या: गाव वाचलं असतं आणि दोष कार्डात की पीसीएममध्ये हे बारा तासांत कळलं असतं. लिंक हलवूनही दोन्ही पडल्या असत्या तर कार्डावरचा संशय बळावला असता. कार्ड बदलायला आम्ही धावलो, कारण कार्ड हातात धरता येतं आणि वरच्यांना 'कार्ड बदललं' असं सांगता येतं.

मक्सच्या नोंदीही नीट उघडल्या नाहीत. आम्ही फायबरच्या बाजूचे आकडे विचारले आणि ते स्वच्छ होते. ट्रिब्युटरीच्या बाजूला पंधरा-पंधरा मिनिटांचे गणक असतात, ते नंतर पाहिले. संध्याकाळी सहा ते सव्वासहाच्या रकान्यात, पहिल्या दोन पोर्टवर, अतिचुकांचा एकेक सेकंद नोंदलेला होता. पाच मिनिटांचं काम होतं. प्रश्न विचारताना 'काही अलार्म आहे का' असं विचारलं, म्हणून 'नाही' असं उत्तर मिळालं. 'चुकांचे गणक काय म्हणतात' असं विचारायला हवं होतं.

तीन सेकंदांची गाळणी आम्ही नंतरही काढली नाही, ती ठीकच आहे. पण सिग्नलिंग असलेल्या पीसीएमसाठी ती अर्ध्या सेकंदावर आणली.

कमांड मारून लिंक वर घेणं चूक नव्हतं. गाव बंद ठेवून कोणी अभ्यास करत नाही. पण कमांडआधी पडण्याचं कारण, टोक आणि अचूक वेळ लिहून ठेवायची, एवढा नियम असता तर तिसऱ्या दिवशीच सहा आणि साडेआठ हे आकडे कोणाच्या तरी डोळ्यात भरले असते. आम्ही नंतर लॉगबुकला तसा रकाना आखला. टी मारायचा तर फक्त मॉनिटरिंगसाठी ठेवलेल्या जागेतूनच, आणि जादा तार काढली की ती खाच बाद करायची, हेही तेव्हाच ठरलं.

बूथवाल्याकडे मी स्वतः गेलो. काय झालं होतं ते त्याला सांगितलं, आणि तक्रारवहीत त्याच्या नावापुढे जे लिहिलं होतं त्याची माफी मागितली. त्याने वही परत मागितली, पोराला हवी होती. मी त्या पानांची झेरॉक्स काढून घेतली. त्याच्या एकोणीस नोंदींपैकी सतरा आमच्या अलार्मशी दोन मिनिटांच्या आत जुळत होत्या. उरलेल्या दोन वेळी, प्रिंटर पाहिला तेव्हा कळलं, आमच्याकडचा कागद संपलेला होता.